कोरा घोडा तयार करताना : पाठीवर बसण्याआधीची कामं आणि त्यांचा क्रम

पाठीवर कधीच खोगीर न चढलेला तरुण घोडा घेतला की पहिला प्रश्न येतो, "बसता कधी येईल?" मग पहिल्याच आठवड्यात खोगीर बाहेर निघतं. दोघं जण घोडा धरून ठेवतात, तिसरा चढतो, आणि घोडा उधळला की "भलताच द्वाड निघाला" असा शिक्का बसतो. खरं तर त्या आधीच्या पाच-सहा पायऱ्या त्याला कुणी शिकवलेल्याच नसतात. पाठीवर बसण्याच्या दिवशी ते सगळं एकदम उघडं पडतं.

खालच्या टप्प्यांना दिवस ठरवून दिलेले नाहीत. मुख्य टप्प्यांच्या शेवटी 'तपासून पाहा' अशी तपासणी आहे. ती जमली की पुढे जा, नाही जमली तर तिथेच थांबा.

१. आधी स्वतःची तपासणी

शिकवणाऱ्याची मांड पक्की हवी. घोडा बुजून बाजूला उडाला तरी लगामाला न लटकता बसून राहता आलं पाहिजे. लगामाला लटकणारा स्वार तरुण घोड्याचं तोंड बघता बघता बिघडवतो आणि ते सुधारायला महिने जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. आठवड्यातले चार-पाच दिवस, रोज थोडा वेळ, असं कित्येक महिने देता येणार आहे का? सुट्टीच्या दिवशी तीन तास घासून भागत नाही. तरुण घोड्याचं लक्ष पंधरा-वीस मिनिटं टिकतं, पुढची मेहनत वाया जाते किंवा उलटते.

तिसरी गोष्ट म्हणजे कोरे घोडे तयार केलेला एखादा अनुभवी चाबुकस्वार (घोडे शिकवणारा) अधूनमधून येऊन तुमचं काम पाहील, अशी सोय घोडा आणण्याआधी लावा. स्वारही नवखा आणि घोडाही नवखा ही जोडी मला अजिबात मान्य नाही. तुम्ही नुकते बसायला शिकला असाल तर आधी शिकलेल्या, पोक्त घोड्यावर दोन-तीन वर्षं काढा.

२. घोडा पारखताना

सांगितलेलं वय आणि तोंडातलं वय जुळतं का, ते पाहा. समोरच्या दातांतली मधली जोडी साधारण अडीच वर्षांना पडून कायमची येते, तिच्या शेजारची साडेतीनला आणि कडेची साडेचारला. "चार वर्षांचा आहे" म्हणून दाखवलेल्या घोड्याच्या तोंडात फक्त मधली जोडी कायमची असेल, तर तो तीनच्या आसपास आहे.

वयाचा एवढा आग्रह हाडांसाठी. पुढच्या पायात गुडघ्याच्या वर हाडाच्या टोकाशी वाढीचा कूर्चाचा थर असतो, तो अडीच वर्षांच्या सुमारास भरून हाड होतं. पाठीच्या मणक्यांची वाढ मात्र पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू राहते, आणि स्वार नेमका तिथेच बसतो. म्हणून तीन पूर्ण होण्याआधी पाठीवर वजन नको. साडेतीन-चारला हलकी सुरुवात करावी आणि पूर्ण मेहनतीचं काम सहा वर्षांनंतर द्यावं. जमिनीवरून शिकवायला मात्र कोणतंही वय चालतं.

घोडा मोकळा असताना त्याला पकडून म्होरकी (धरायचा दोर लावण्यासाठी डोक्यावर चढवायचे पट्टे) घालून दाखवायला सांगा. चारही पाय उचलून दाखवायला सांगा. टणक, सपाट जमिनीवर सरळ रेषेत चालवून आणि दुडक्या चालीत पळवून पाहा. लंगडताना डोकं ठरावीक पावलाला वर उचललं जातं. हे सगळं झालं तरी पशुवैद्यकाची तपासणी टाळू नका.

शेवटी विचारा, "याच्यावर कुणी बसायचा प्रयत्न केला होता का?" ज्याने एकदा स्वार पाडला आहे तो घोडा कोरा नाही. पाठीवरचं ओझं कसं उतरवायचं हे तो शिकलाय, आणि ते विसरवणं नव्याने शिकवण्यापेक्षा कठीण असतं. असा घोडा पहिला प्रकल्प म्हणून घेऊ नका. नर असेल आणि पैदाशीसाठी नको असेल तर खच्ची करण्याबद्दल पशुवैद्यकाशी आधीच बोला.

३. आणल्यावर आधी घडी बसू द्या

पहिले दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा, पण ते नजरेला पडतील इतक्या अंतरावर. संसर्गजन्य रोग बरोबर आला असेल तर या काळात कळतो. एकटा पडलेला तरुण घोडा घाबरट होतो, त्याला दुसरा घोडा दिसायलाच हवा. आधीच्या ठिकाणचा थोडा चारा बरोबर आणा आणि नव्या चाऱ्यावर ७ ते १० दिवसांत हळूहळू न्या. एकदम बदललात तर पोटशूळ उठू शकतो.

याच काळात उरकायची कामं:

धनुर्वाताची लस. आधी दिलेली नसेल तर ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. लिदीची जंतांच्या अंड्यांसाठी तपासणी. नालबंदाकडून खूर तासून घेणं, आणि पुढे दर ६ ते ८ आठवड्यांनी. दातांची तपासणी, ही सगळ्यात जास्त राहून जाते. काही घोड्यांना दाढांच्या पुढे एक छोटासा 'वुल्फ टूथ' असतो आणि कडियाळं (लगामाचा तोंडात बसणारा भाग) त्यावर आपटलं की घोडा डोकं झटकायला लागतो. लोक त्याला हट्टी म्हणतात. तरुण वयात दुधाच्या दाढाही पडत असतात, तेव्हा हिरड्या दुखऱ्या असतात.

शांत उभा असतानाचे आकडे लिहून ठेवा. शरीराचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. उद्या काही बिनसलं तर तुलना करायला आधार राहतो.

वजनही काढा. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८० केलं की अंदाजे किलो येतात. घेर १६५ आणि लांबी १४५ असेल तर वजन ३३२ किलोच्या आसपास. हा आकडा जपून ठेवा, नवव्या टप्प्यात लागणार आहे. रोजचा सुका चारा याच वजनाच्या दीड ते दोन टक्के हवा. काम सुरू नसताना धान्य वाढवू नका, तरुण सांध्यांना ते मानवत नाही.

तपासून पाहा: तुम्ही दिसल्यावर घोडा चारा सोडून कोपऱ्यात जात नाही. खांद्याच्या बाजूने जवळ गेलात तर उभा राहतो. अगदी नाकासमोर आणि शेपटीमागे त्याला दिसत नाही, त्यामुळे त्या दोन बाजूंनी कधीच अचानक जाऊ नका.

४. दाब आणि सुटका

पुढचं सगळं शिक्षण या एका गोष्टीवर उभं आहे. लगाम, टाच, दोर ही सगळी दाबाचीच रूपं. लोकांना वाटतं घोडा दाबाने शिकतो. दाब त्याला फक्त काहीतरी करून बघायला लावतो, आणि दाब ज्या क्षणी सुटला त्या क्षणी तो जे करत होता ते त्याच्या डोक्यात बसतं.

एकच उदाहरण बारकाईने पाहू. म्होरकीला साडेतीन-चार मीटरचा सुती दोर लावा, घोड्याच्या खांद्याजवळ उभे राहा आणि दोरावर पुढच्या दिशेने हलका ताण द्या. ओढू नका, ताण तेवढाच धरून ठेवा. घोडा आधी मान ताठ करेल, डोकं वर करेल, कदाचित मागे रेटेल. ताण वाढवू नका आणि कमीही करू नका. थोड्या वेळात त्याचं वजन पुढच्या पायांवर झुकेल, पाऊल उचललंही नसेल. नेमकी तेव्हा बोटं उघडा आणि दोर सैल पडू द्या. दोन श्वास थांबा, मग पुन्हा. काही वेळाने तो पूर्ण पाऊल टाकेल, आणि नंतर ताण यायच्या आधीच, तुमचं अंग पुढे वळलेलं बघून निघेल.

आता नेहमीची चूक. घोडा मागे रेटतो, माणूस घाबरतो, दोर सैल सोडतो. घोडा शिकला की मागे रेटलं की सुटका मिळते. पाच-सात वेळा असं झालं की दोर तोडून पळणारा घोडा तयार. दुसरी चूक याच्या उलट. घोडा पुढे आला तरी ओढणं चालूच ठेवलं जातं, मग पुढे येण्यात त्याला काही फायदा दिसत नाही आणि तो दगडासारखा जड होतो. सुटका सेकंदभर उशिरा झाली तरी घोड्याच्या हिशेबी ती भलत्याच गोष्टीबद्दल असते.

याच पद्धतीने क्रमाने शिकवा: पुढे चालणं, थांबणं, मागे सरकणं, मागचा भाग बाजूला वळवणं, आणि मानेवरच्या हलक्या दाबाने डोकं खाली घेणं. डावीकडून जमलं म्हणजे उजवीकडून जमलं असं नसतं, दुसऱ्या बाजूने सगळं जवळजवळ नव्याने शिकवावं लागतं.

सावधान: दोर हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नका. हातमोजे आणि टाचेचे बंद बूट रोज वापरा. जमिनीवरच्या कामातही हेल्मेट हवंच, लाथ काही स्वारालाच बसते असं नाही.

तपासून पाहा: दोर सैल असताना घोडा तुमच्या खांद्याशी राहून चालतो, तुम्ही थांबलात की थांबतो, आणि दोन बोटांच्या जोराने मागे सरकतो, दोन्ही बाजूंनी.

५. स्पर्श, पाय, बांधणं

खांद्यापासून खरारा सुरू करा. आवडत्या जागेवरून नावडत्या जागेकडे जायचं आणि त्याने अंग आखडायच्या आत परत यायचं. कान, पोट, मांड्यांच्या आतला भाग, शेपटीखाली, सगळीकडे हात फिरला पाहिजे. पाय उचलताना सुरुवातीला क्षणभरच धरा आणि त्याने हिसडा मारायच्या आत स्वतः खाली ठेवा.

बांधायला सगळ्यात शेवटी शिकवा. म्होरकीच्या दाबाला डोकं खाली घेणारा घोडाच बांधायच्या लायकीचा असतो. जो दाबाला विरोध करतो त्याला खुंटाला बांधलं तर तो जीव खाऊन मागे खेचतो आणि मानेला कायमची इजा होऊ शकते. खांद्याच्या उंचीवर, एका ओढीत सुटणारी गाठ मारा. लगामाला किंवा कडियाळ्याला घोडा कधीच बांधू नका.

६. शांत उभा की गोठलेला?

पिशव्या, छत्री, अंगावरून फिरणारा दोर, पाठीवर पडणारं कापड या गोष्टींची सवय खोगिराच्या आधी व्हायला हवी. वस्तू लांबून दाखवा, तो जिथे कान टवकारतो पण पाय हलवत नाही त्या अंतरावर थांबा, तो सैल पडला की वस्तू दूर न्या. मग थोडं जवळ.

इथे एक फसवणूक होते. घोडा खांबासारखा उभा असतो, माणूस म्हणतो "बघा, काही वाटत नाही त्याला." नीट बघा. डोकं उंच, डोळा न मिटणारा, नाकपुड्या फुगलेल्या, शेपटी आवळलेली, श्वास रोखलेला. हा घोडा भीतीने गोठलाय, आणि असा घोडा सुटतो तेव्हा चौखूर उधळतो. मान खाली, एक मागचा पाय ढिला, पापण्या मिटतायत, कान इकडेतिकडे फिरतायत, हा खरा शांत घोडा. ओठ चाटणं-चघळणं याला बरेच जण "समजलं" असं मानतात. ते मुख्यतः ताण उतरतोय याची खूण आहे, आणि वारंवार दिसत असेल तर तुम्ही वारंवार ताण देताय.

भीती साठत जाते, हेही लक्षात ठेवा. सकाळी नालबंद, दुपारी नवी जागा आणि संध्याकाळी पहिल्यांदा खोगीर, असा दिवस ठरवू नका.

७. लांब दोरावर, आणि मग तंग-खोगीर

गोल कुंपणाचा व्यास १५ ते १८ मीटर असावा. लांब दोरावर गोल फिरवताना चालणं, दुडकी चाल आणि थांबणं हे शब्दांवर शिकवा, पाठीवर बसल्यावर हेच शब्द कामी येतील. एका दिशेला पाच मिनिटं, मग दुसरीकडे. एकूण दहा-पंधरा मिनिटं पुरे, सतत गोल फिरणं तरुण सांध्यांना जड जातं. "दमला की निमूट होईल" म्हणून तासभर पळवणं ही सर्रास चूक आहे. त्यातून दमसास वाढलेला घोडा मिळतो, शिकलेला नाही.

आता तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. एवढी निगुतीने करायची गोष्ट दुसरी नाही. आधी पाठीवर नुसता नमदा (खोगिराखालची जाड घडी) ठेवा आणि काढा, दोन्ही बाजूंनी. मग पोटाखालून दोर घेऊन दोन्ही टोकं हातात धरा, हळूच आवळा, पोट सैल पडलं की सोडा. यात घोडा अंग आखडेनासा झाला की रुंद पट्टा बांधा, आणि पट्ट्याची सवय झाल्यावर खोगीर, तेही आधी रिकिबी काढून आणि मग लोंबत्या रिकिबींसह.

तंग एकदम आवळायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. तंग अर्धवट ढिला ठेवून घोड्याला चालवलंत, तो बुजला आणि खोगीर पोटाखाली घसरलं, तर तुमचा महिन्यांचा उद्योग एका मिनिटात जातो. पोटाखाली लटकणारी, पायांना आपटणारी ती वस्तू तो विसरत नाही. म्हणून उभ्या जागी एक-एक भोक करत, मध्ये थांबत, खोगीर सरकणार नाही इतका तंग आवळा आणि मगच पहिलं पाऊल टाकू द्या. दहा-बारा पावलांनी थांबवून पुन्हा तपासा. पहिल्या पावलाला तो पाठ कमानीसारखी उचलेल, कदाचित दुगाण्या झाडेल. दोर धरून शांत उभे राहा, ओरडू नका.

तपासून पाहा: खोगीर आणि लोंबत्या रिकिबींसह घोडा तिन्ही चालींत (चालणं, दुडकी, दौड) दोन्ही दिशांना पाठ सैल ठेवून फिरतो, असं सलग बऱ्याच दिवशी दिसलं पाहिजे.

८. कडियाळं आणि मागून हाकणं

दातांची तपासणी झाल्याशिवाय तोंडात काहीही घालू नका. सुरुवातीला साधं, जाड, गुळगुळीत कडियाळं, थंडीत हाताने कोमट करून. ओठांच्या दोन्ही कडांना साधारण अर्धा सेंटीमीटर जागा राहावी. नाकपट्टा आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तोंड आवळून बांधलं की घोडा चघळणं थांबवतो आणि त्याचा त्रास तुम्हाला दिसेनासा होतो.

कडियाळ्याची सवय झाली की दोन लांब दोर लावून मागून, लाथेच्या टप्प्याबाहेर राहून, घोड्याला हाका. लोक हा टप्पा हमखास गाळतात. कुणी पाठीवर नसताना घोडा इथे वळायला, थांबायला आणि एकट्याने पुढे जायला शिकतो. पाठीवर बसल्यावर त्याच्यासाठी नवीन उरतं ते फक्त वजन.

९. पहिल्यांदा पाठीवर

आधी वजनाचं गणित. खोगिरासह स्वार घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत असावा हा तयार घोड्याचा ढोबळ नियम आहे, तरुण घोड्याला मी १५ टक्क्यांच्या पुढे जात नाही. ३३२ किलोच्या घोड्याला हे ५० किलो होतात. तुमचं वजन बसत नसेल तर हलका, अनुभवी स्वार शोधा.

दोन माणसं हवीत, एक चढणारा आणि एक डोक्याशी दोर सैल धरणारा. धरणाऱ्याने आवळून धरायचं नाही, पाय हलवायची मुभा नसलेला घोडा उभा उसळतो. बंदिस्त जागा, मऊ जमीन, रोजचं थोडं काम झालेलं, वारा-गडबड नसलेली वेळ.

क्रम असा:

क) घोड्याशेजारी ठोकळा ठेवा, त्यावर चढा-उतरा. माणूस आपल्यापेक्षा उंच झालेला आणि डोळ्याच्या वरच्या बाजूला दिसणारा, हे घोड्याने पहिल्यांदाच पाहिलेलं असतं.

ख) खोगिरावर हाताने थोपटा, हातांनी वजन द्या, काढा.

ग) पोटावर आडवे व्हा, पाय ठोकळ्याजवळच. दोन श्वास, मग उतरा. दोन्ही बाजूंनी.

घ) आडवे असतानाच धरणारा एक-दोन पावलं चालवेल. ओझं हलत्या पाठीवर कसं लागतं ते घोड्याला इथे कळतं.

ङ) पाय पलीकडे टाका, पुठ्ठ्याला लागू देऊ नका. आधी मानेवर वाकलेलेच राहा आणि मग हळूहळू सरळ व्हा. एकदम ताठ बसल्याने बरेच घोडे दचकतात. आधाराला मानेभोवती पट्टा बांधा आणि तोल गेला तर तोच धरा, लगाम नाही.

हे पाचही एका दिवसात उरकायचे नाहीत. कुठल्याही पायरीवर श्वास रोखलेला दिसला तर एक पायरी मागे या आणि तिथे जमल्यावर दिवस संपवा. "आज आलोच आहोत तर" हे शब्द मनात आले की उतरा.

तपासून पाहा: तुम्ही सरळ बसलेले असताना घोडा मान वळवून तुमच्या बुटाचा वास घेतो आणि पुन्हा सैल उभा राहतो.

१०. पाठीवरचे पहिले आठवडे

आधी दोरावर, धरणाऱ्याच्या मदतीने चालणं. धरणारा हळूहळू सूचना बंद करतो आणि स्वार सुरू करतो: आधी ओळखीचा शब्द, मग हलका पाय, घोडा निघाला की पाय लगेच सैल. एका लगामाने मान बाजूला वळवून थांबणं हे दोन्ही बाजूंना पक्कं करा, घोडा उधळू पाहील तेव्हा हाच ब्रेक आहे. चालणं, थांबणं आणि वळणं सहज होईपर्यंत दुडकी चाल नको, आणि दौड त्याच्याही बरीच नंतर. दहा-पंधरा मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. बाहेर जाताना सुरुवातीला पोक्त घोडा सोबत असू द्या.

काही आठवडे चांगले गेले की कामाची सक्ती वाढवण्याऐवजी महिनाभर मोकळं सोडा. परतल्यावर घोडा विसरलेला नसतो, उलट बरेचदा हलका झालेला असतो.

चालता चालता नवीन दोष दिसला, म्हणजे तंग आवळताना चावणं, डोकं झटकणं, एकाच बाजूला वळायला नकार, तर आधी पशुवैद्यकाकडून पाठ, दात आणि पाय तपासून घ्या, मग शिस्तीचा विचार करा. खोगीरही पुन्हा बसवून पाहा. कामाने आणि वाढीने तरुण घोड्याच्या पाठीचा आकार बदलतो, आणि सुरुवातीला नीट बसलेलं खोगीर तीन-चार महिन्यांत खांद्यांना बोचायला लागलेलं असू शकतं. खोगीर काढल्यावर घामाने भिजलेल्या पाठीवर एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तिथे दाब पडतोय.